रंगाआधीचं लोखंड

यंदा श्रावणात पणजीला जायला निघाले होते. आमोण्याच्या पुलावर बस चढली आणि खाली नदीकाठच्या उतारावर एक बार्ज पाण्याबाहेर ओढून ठेवलेली दिसली. कितीतरी वर्षांनी. खाणी बंद होत्या तोवर नदी रिकामीच वाहायची. आता पुन्हा थोडी हालचाल सुरू झाली आहे म्हणतात. त्या बार्जचं अर्धं अंग गंजून तपकिरी झालेलं होतं, अर्धं खरवडून करडं, उघडं. परांचीवर दोन माणसं उभी होती आणि त्यांच्या हातातलं यंत्र लोखंडावर फिरत होतं. काचेतून आवाज ऐकू येत नव्हता, पण मला तो ऐकू आलाच. बस पूल उतरली तरी मी मान मागे वळवून बघत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "बरा वाटना तुमका?" मी म्हटलं, "काय नाय, वारो लागलो."

ज्यांनी बार्ज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चपट्या तळाची, लांबलचक, लोखंडी बोट. डिचोलीच्या खाणींवरचं खनिज ट्रकांनी नदीपर्यंत यायचं, बार्जच्या पोटात ओतलं जायचं, आणि मांडवीतून मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांपर्यंत पोचायचं. पावसाळ्यात नदीचं मुख खवळलं की ही वाहतूक थांबायची. मग बार्ज काठावर ओढून घ्यायच्या, तळाच्या शिंपल्या काढायच्या, गंज खरवडायचा, नवा रंग द्यायचा. आमच्या घरात त्या महिन्यांना पावसाळा म्हणत नसत. 'बार्ज वर चढवायचे दिवस' म्हणत.

मी मूळची पेडण्याकडची, केरीची. तेरेखोल नदीच्या मुखाशी आमचं घर. वडिलांची एक लाकडी होडी होती आणि दर वर्षी ते तिला काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचे. त्या तेलाने हाताची कातडी सोलून निघायची, तरी ते दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हापशाला जाऊन मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लगेच लग्न होऊन मुळगावला आले. घरात माणसं तीनच. मी, माझे यजमान रघुनाथ, आणि त्यांचे थोरले भाऊ विष्णू. त्यांना मी भावजी म्हणायची. रघुनाथ हे नाव मी असं कागदावर लिहिते आहे खरं, पण ते होते तोवर एकदाही तोंडाने घेतलं नाही. आता घ्यावंसं वाटतं.

दोघा भावांनी मिळून एक जुनी बार्ज विकत घेतली होती. आईचं नाव तिला दिलं होतं, सत्यवती. भावजी तिचे तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात. रघुनाथ खाली इंजिनवर. भावजींनी लग्न केलं नव्हतं. वर्षातले आठ महिने ते बार्जवरच जेवायचे, झोपायचे. घरी आले की ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे, पाहुण्यासारखे. माझ्याशी बोलणं मोजकंच. पाणी हवं, जेवण झालं, इतकंच.

सत्त्याऐंशी साली होळीच्या सुमारास रघुनाथने दोन डबे घरी आणले आणि स्वयंपाकघरातल्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, ठेवले. एक नेहमीचा, डांबरासारखा काळा रंग. दुसरा नवा होता. त्याचे दोन भाग, एकमेकांत मिसळून लावायचे. सोबत इंग्रजीतलं एक माहितीपत्रक.

"वाचून सांग गे," रघुनाथ म्हणाले. "तुझ्या शिक्षणाचा कायतरी उपयोग होऊंदे."

ते थट्टेत म्हणाले होते. पण चुलीवर भात उकळत असताना मी ते पत्रक उभ्याउभ्या वाचलं आणि कॉलेज सुटल्यापासून बंद पडलेलं काहीतरी डोक्यात पुन्हा फिरायला लागलं. काळा रंग स्वस्त. ओलसर लोखंडावर, अर्ध्या गंजावरही बसतो, पण दर वर्षी निघून जातो. नवा महाग, पण लोखंड आधी पार उघडं, कोरडं आणि स्वच्छ लागतं. एकदा बसला की काही हंगाम हलत नाही. आणि गुळगुळीत. पत्रकाचा सगळा जोर त्या गुळगुळीतपणावर होता. तळ खडबडीत असला की पाणी त्याला धरून ठेवतं, आणि मग तेवढाच माल न्यायला जास्त डिझेल जळतं.

रघुनाथला हे पटकन कळलं. इंजिनची धाप तेच तर ऐकत होते. "शिंपल्यो धरल्यो काय ती म्हशीसारखी चलता," ते म्हणाले. भावजी मात्र ओट्यावरून आत न बघताच म्हणाले, "बापायच्या वेळेपासून काळोच रंग लागता."

मग मी एक गोष्ट केली. पत्र्याचे तीन तुकडे मागवले. एकाला काळा रंग लावला, दुसऱ्याला नवा, तिसऱ्याला नव्यावर, पत्रकात वाचून वेगळ्या मागवलेल्या, शिंपल्या न धरणाऱ्या रंगाचा आणखी एक हात. तिन्हींना भोकं पाडली, दोर बांधले आणि सत्यवतीच्या मागच्या बाजूला पाण्यात सोडायला रघुनाथकडे दिले. खाऱ्या बंदरातून गोड्या नदीत, पुन्हा खाऱ्यात, बार्जसोबत ते तुकडे फिरत राहिले. बार्ज जेटीला आली की रघुनाथ ते ओढून वर घ्यायचे आणि घरी येऊन मला सांगायचे. मी ऐकत बसायची. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा घरी आल्यावर मी आधी जेवणाचं विचारत नव्हते.

चैत्र संपता संपता तुकडे घरी आले. भावजींनी स्वतःच आणले, ओले, दोराला लोंबत. काळ्या तुकड्यावर शिंपल्यांची खरूज चढली होती. दुसऱ्यावर तुरळक. तिसऱ्यावर हिरवट बुळबुळ होती, ती भावजींनी अंगठ्याने पुसली आणि खालून रंग जसाच्या तसा निघाला. ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"बरो आसा," ते म्हणाले. "पण आमका नको."

कारण त्यांनी मला नाही, रघुनाथला सांगितलं, परसात जाऊन. जनेल उघडी होती, मला ऐकू आलं. "ह्या रंगाक लोखंड नागडा करूक होया. इतक्या वर्सांचो रंग काढलो तर खाली काय दिसतला, तुका खबर आसा? तो रंगच धरून आसा तिका. दिसला काय सर्वेवालो सोडूचो नाय. हंगाम गेलो म्हणान समज." सर्वेवाला म्हणजे बार्ज तपासून परवाना देणारा सरकारी माणूस.

रघुनाथ म्हणाले, "आणि दिसला नाय तर?"



त्या प्रश्नामागे आदल्या पावसाळ्याची सावली होती. पणजीचा मांडवीवरचा पूल त्या पावसात पडला होता. रोज माणसं, बसगाड्या त्यावरून जात होत्या, आणि एका दिवशी तो नव्हता. पुढची कितीतरी वर्षं लोक फेरीबोटीने नदी ओलांडत राहिले. वरून धड दिसणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायची भीती वाटायची असे ते दिवस होते. त्यात भाषेचं भांडण, गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी. त्या हिवाळ्यात आंदोलकांनी रस्त्यांवर झाडं आडवी पाडली होती, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे जाणं सोडलं होतं. भावजी देवळातल्या उत्सवात मराठी नाटकात उभे राहायचे, त्यामुळे ते मराठीच्या बाजूचे. नदीकाठच्या वर्कशॉपचा मालक कायतान कोकणीच्या बाजूचा. दोघे जुने मित्र, पण डिचोलीच्या बाजारात दोघांचं चारचौघांत वाजलं. ऐकणारे सांगत होते की भांडण मराठी-कोकणीचं होतं, पण दोघेही भांडले कोकणीतच. तेव्हापासून बोलणं बंद. आणि गंज उडवायचं यंत्र आमच्या बाजूला एका कायतानकडेच होतं.

शेवटी तोडगा निघाला तो रघुनाथचा. अर्धी बार्ज भावजींची, अर्धी त्यांची. डाव्या अंगाला हाताने खरवडून काळा रंग, उजव्याला यंत्र आणि नवा. पुढच्या हंगामात काय ते कळेल. कायतानशी बोलणं रघुनाथ करतील. भावजींनी मान हलवली. ती हो होती की जाऊ दे होती, कोण जाणे.

गोवा घटकराज्य झालं त्याच आठवड्यात सत्यवती वर चढली. धक्क्यावर कोणीतरी पेढे वाटत होतं. कायतानच्या कामगारांनी पेढे खाल्ले, आमच्यांनीही खाल्ले, दोन्ही बाजूंच्या हातांना ग्रीस तेवढंच होतं. भावजी आणि कायतान बार्जच्या दोन टोकांना उभे होते. साखळीने ओढून सत्यवती पाण्याबाहेर येत होती, तळातून पाणी निथळत होतं, आणि त्या ओल्या, शेवाळी, शिंपल्यांनी भरलेल्या अंगाकडे बघताना मला उगाचच लाज वाटली. एखाद्या म्हाताऱ्या बाईचं लुगडं सरकावं आणि सगळ्यांनी बघावं तसं.

मी धक्क्यावर जायला लागले ती डबा घेऊन. उंडे म्हणजे गोल पाव, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, कधी नुसती पेज. पण डबा ठेवून परत यायचं असतं हे मी विसरून जायची. यंत्रातून जोराने उडणारी वाळू लोखंडावर आपटायची आणि वर्षानुवर्षांचे थर पापुद्र्यांनी सुटायचे. काळा, त्याखाली तांबडा, त्याखाली पुन्हा काळा. मग गंज. आणि मग अचानक, धुळीतून, करडं उघडं लोखंड. ते इतकं कोवळं दिसायचं की हात लावावासा वाटायचा.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी यंत्र थांबलं. कायतान हातोडी घेऊन पत्रा ठोकत ठोकत मागे चालला होता. आवाज घट्ट येत होता. टण, टण. मागच्या बाजूला, इंजिनच्या खोलीशी, आवाज बदलला. कायतानने पुन्हा ठोकलं, जरा हळू. आणि हातोडीचं तोंड आत गेलं.

 कायतानने हातोडी ओढून काढली. भोकातून आतला अंधार दिसत होता.

"वैनी," तो मलाच म्हणाला, कारण मीच जवळ होते, "हो पत्रो न्हय, पापड."

रघुनाथ आत गेले. थोड्या वेळाने त्या भोकातून त्यांची दोन बोटं बाहेर आली. "हंय माजो स्टूल आसा," आतून त्यांचा आवाज आला. "बरा झाला. वारो येयत."

त्यांना हसवायचं होतं. कामगार थोडे हसलेही. मी भावजींकडे बघितलं. ते त्या दोन बोटांकडे बघत होते. हंगामभर बार्जमध्ये खनिज भरलं जात होतं, भरतीत, ओहोटीत, मुखापाशी लाटांत, आणि त्यांचा धाकटा भाऊ पाण्याच्या पातळीखाली त्या पत्र्याला टेकून बसत होता. वर सुकाणू धरून ते स्वतः उभे होते. काळा रंग वरून अगदी नीट दिसत होता.

ते खाली बसले नाहीत, कपाळावर हात मारला नाही. परांचीखालचा तारेचा ब्रश उचलला, वळसा घालून डाव्या अंगाला गेले आणि आपल्या वाटणीची बाजू घासायला लागले. काळा रंग लावण्यासाठी इतकं घासायची गरज नव्हती. ते लोखंड लागेपर्यंत घासत होते. यंत्राने जे काम झटक्यात होतं ते हाताने करत होते, एकाच जागी, खांदे हलवत. रघुनाथ बाहेर येऊन त्यांच्याजवळ गेले.   रघुनाथने दुसरा ब्रश घेतला.

अंधार पडायच्या आधी भावजी ब्रश ठेवून कायतानच्या टोकाला गेले. मी डब्याची भांडी गोळा करत होते, म्हणून ऐकलं.

"कायतान, दोनूय कुशींक यंत्र मार. पत्रे बदलूक जाय."

कायतान विडी पेटवत होता. "मराठींत मागता, काय कोंकणींत?"

"तुका समजता त्या भाशेंत."

कायतानने विडी पेटवली आणि दुसरी भावजींपुढे केली. ती त्यांनी घेतली. भावजी विडी ओढत नसत. ती बोटांत धरून ते घरापर्यंत चालत आले.

तो उरलेला पावसाळा म्हणजे माझ्या आयुष्यातला सर्वांत भरलेला काळ. आता वळून बघते तेव्हा नवल वाटतं. मुलगा झाला, घर बांधलं, मी शाळेत शिकवायला लागले, हे सगळं नंतर आलं आणि चांगलंच आलं. पण मन जातं ते त्या धक्क्यावर. ताडपत्रीखाली, जिथे थिनरचा वास, वेल्डिंगचा वास आणि ओल्या चिखलाचा वास एकत्र यायचा. जुने पत्रे कापून काढले, नवे बसवले. भावजींची भीती खोटी नव्हती. दुरुस्ती वाढत गेली, शेजारच्या बार्ज गणेशचवथीआधी रंगून तयार झाल्या, आमची तशीच उघडी. हंगाम हुकणार असं सगळे म्हणत होते. आणि उघड्या लोखंडाला दमट हवेत थांबायला वेळ नसतो. काल करडं असलेलं आज पिवळं पडतं. एखादी उघडीप मिळाली की तेवढ्यात घासून रंग चढवायचा.

रंग कधी लावायचा हे मी सांगायची. मी म्हणजे खरं तर ओलं फडकं. पत्रकात लिहिलं होतं, लोखंड ओल्या फडक्याने पुसायचं. ओल भराभर उडाली तर हवा कोरडी आहे, लावा. रेंगाळली तर थांबा. मी पुसायची आणि सगळे त्या ओल्या डागाकडे बघत उभे राहायचे. भावजी, रघुनाथ, कायतान, वेल्डर. आभाळाकडे कोणी बघत नव्हतं. डाग आकसत गेला की भावजी विचारायचे, "लावूया, सुमन?" त्यांनी माझं नाव घेतलेलं मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

मग मी बालदीत दोन्ही भाग मिसळायची. मिसळल्यावर थोड्याच वेळात ते घट्ट होऊन दगड होतं, त्यामुळे घाई. पदर खोचून, लाकडाच्या दांड्याने ढवळत मी हाका मारायची आणि पुरुषमाणसं बालद्या घेऊन पळायची. कुठे काय लावायचं तेही आम्ही बसून ठरवलं होतं. पाण्याखाली शिंपल्या न धरणारा, तांबडा रंग. वरच्या अंगाला, जिथे जेटीचे धक्के बसतात, तिथे नुसता टणक. माल भरायच्या पोटात काहीच नको, खनिज ओतताना आणि उपसताना तिथे कुठलाच रंग टिकत नाही. हे शेवटचं मी म्हटलं तेव्हा भावजी म्हणाले, "ह्या माका पयलीच म्हायत होता." आणि जरा वेळाने, "पण कोणी विचारूक नाय."

रघुनाथच्या केसांत तो तांबडा रंग चवथीच्या आरतीतही होता. मी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढत होते आणि ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या मानेवरची ती जागा मला अजून बोटांना आठवते.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. बार्जवर नाही, पाण्यात नाही. घरातच, सकाळी चहा पिताना छातीत कळ आली. त्यानंतर भावजी सुकाणूवर उभे राहिले नाहीत. बार्ज दुसऱ्यांनी चालवली, मग खाणी बंद पडल्यावर ती काठावर उभी राहिली, आणि शेवटी भंगारात गेली. कापायला काढली त्या दिवशी भावजी मला म्हणाले, "येतंस?" मी नाही म्हटलं. तेही गेले नाहीत. आम्ही दोघं ओट्यावर बसून होतो, आणि रस्त्यावरून एकही ट्रक जात नव्हता. पुढे भावजीही वारले. आता त्या उन्हाळ्या-पावसाळ्याबद्दल बोलायला कोणी नाही. मुलाला सांगते तेव्हा तो ऐकतो, चांगला ऐकतो, पण ते ऐकणं वेगळं.

त्या वर्षी सत्यवती हंगामाला उशिरा पोचली, पण पोचली. सर्वेवाल्याने पत्रे ठोकून बघितले आणि परवान्यावर सही केली. पहिल्या खेपेला भावजींनी निरोप पाठवला, सुमनला घेऊन ये. बायका बार्जवर जात नसत. मी मोठ्या काळजीने लुगडं सावरत फळीवरून चढले आणि वर, सुकाणूच्या खोलीत, कोपऱ्यात उभी राहिले. रघुनाथ खाली नव्या पत्र्याशेजारी आपल्या जागेवर. खनिजाने भरलेली बार्ज पाण्यात खोल बसली होती. ओहोटी लागली आणि आम्ही निघालो.

दोन्ही काठांची खाजणं, खाऱ्या पाण्याकाठची शेतं, मागे सरकत होती.  एकदा भावजींनी वेग कमी कर म्हणून खाली घंटा दिली, इंजिनचा आवाज उतरला. पुन्हा दिली, आणखी उतरला. बार्ज तशीच चालत राहिली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वडूक लागना. आपशीच चलता." आणि सुकाणूवरचे हात सैल केले, जरासेच.

पुढे नदी रुंद झाली तिथे आमच्या आधी निघालेली एक भरलेली बार्ज दिसली. तिच्या इंजिनाने धूर काढला होता, आवाज मोठा होता. हळूहळू आम्ही तिच्या बरोबरीला आलो. तिचा तांडेल बाहेर येऊन कठड्याला टेकला आणि आमच्या अंगाकडे वरपासून खालपर्यंत बघू लागला.

"काय रे विष्णू," तो ओरडला, "खंयचो रंग लायलस?"

भावजींना रंगाचं नाव माहीत होतं. डबे त्यांनी स्वतः वाहिले होते. त्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "माका कित्याक विचारतस? हिका विचार."

त्या बार्जवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. घरात मी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. मी खोलीच्या दाराशी आले, कठडा धरला आणि ओरडून सांगितलं. रंगाचं नाव, दोन भाग, लोखंड आधी उघडं करायचं ते, कोरड्या हवेचं, ओल्या फडक्याचं. एकदा सुरू झाले ती थांबेचना. बोलता बोलता आम्ही पुढे निघून गेलो, ती बार्ज मागे पडत गेली, तिचा तांडेल कानामागे हात धरून उभा होता, आणि मी मागे वळून, वाऱ्यावर, सांगतच होते.

रघुनाथ जिना चढून वर आले. हात पुसत त्यांनी विचारलं, "कोणाक सांगता ही?"

"नदयेक," भावजी म्हणाले. "सांगूंदे."